हाकसूदादांच्या मांडीवरचा डाग

१

डाग पहिल्यांदा दिसला तो मिरानला. नव्या वर्षाच्या सणाला ती सोलहून माहेरी आली होती. वडिलांसाठी नवी विजार आणली होती आणि मापाला बसते का ते बघायला तिने त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं होतं. म्हातारा कुरकुरत उभा राहिला. जुनी विजार खाली आली आणि नवी विजार मिरानच्या हातातच राहिली.

उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पार कुल्ल्यापर्यंत, तळहाताएवढी कातडी भाजून निघाली होती. मधला फोड फुटून ओला झाला होता. तशीच एक लहान खूण उजव्या घोट्याच्या हाडावर होती.

“बाबा, हे कशानं भाजलं?”

प्यो हाकसूंनी मागे वळून बघायचा प्रयत्न केला, पण त्या वयात मान तेवढी वळत नाही. “भाजलंय?” त्यांनी विचारलं. मग लेकीचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, “असेल. भाजलं असेल कधीतरी.”

दारात पळी घेऊन सून उभी होती, थुई. तिनेही तो डाग पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मिरानने तो चेहरा पाहिला, आणि तिच्या लेखी तपास तिथेच संपला.

ही सगळी हकिगत तिने गावातल्या मा आडनावाच्या फौजदारांना सांगितली तेव्हा ते गावच्या बैठकीमागे उकिडवे बसून चुलीत ओकचे ओंडके सारत होते. नोरुगोल गावात म्हाताऱ्यांची बैठक अजून जुन्या पद्धतीची होती. मागे चूल पेटवायची, धूर जमिनीखालून फिरायचा आणि वरची फरशी तापायची. मा फौजदारांना निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण गावाने त्यांना मोकळं सोडलं नव्हतं. हरवलेली वस्तू शोधणं आणि बैठकीची चूल पेटती ठेवणं, ही दोन कामं त्यांच्या गळ्यात पडली होती. त्यातलं दुसरं ते जास्त मन लावून करत. गेले काही दिवस थंडीने कहर केला होता, म्हणून ते रोज नेहमीपेक्षा जास्त लाकूड घालत होते.

“काका, उद्या दुपारपर्यंत मला सांगा हे कोणी केलं,” मिरान म्हणाली. “परवा मी बाबांना सोलला नेतेय. तिथल्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. आणि जाण्याआधी तक्रार नोंदवणार आहे.”

“कोणाविरुद्ध?”

“घरात त्यांच्याजवळ असतं कोण? माझा भाऊ जहाजाच्या कारखान्यातून आठवड्याला एकदा उगवतो. बाकी सगळे दिवस ती असते.”

“तिला नाव आहे, मिरान.”

“मला तिचं नाव घ्यायचं नाहीये आत्ता.”

मा फौजदारांनी हात झटकले. “अगं, विजेच्या झटक्यानंतर तुझे बाबा जरा हे झालेत. पाय बधिर असेल. कळलं नसेल त्यांना.”

“बधिर?” मिरान कडवट हसली. ती शाळेत गणित शिकवायची आणि बोलतानाही पायरीपायरीने जायची. “मोज्यात केस गेला तर मोजा काढून झटकतात. पायावर माशी बसली तर हाकलतात. एवढं ज्याला कळतं त्याला तळहाताएवढं भाजलेलं कळत नाही? त्यांना कळलंय, काका. ते कोणाला तरी पाठीशी घालताहेत.”

मा फौजदारांनी या म्हणण्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही.

२

खरं सांगायचं तर मा फौजदारांचा हाकसूंवर फार जीव होता. हाकसू त्यांच्यापेक्षा एका वर्षाने मोठे, म्हणून ‘दादा’. दोघं रोज बैठकीत जांग्गीचा, म्हणजे कोरियन बुद्धिबळाचा, पट मांडून बसत. या हिवाळ्यात दादा सारखे जिंकत होते. पूर्वी एका डावात तीनदा उठायचे, कूस बदलायचे, खिडकी उघडायला जायचे. हल्ली डावा गुडघा उभा धरून, उजव्या अंगावर रेलून असा ठिय्या मारायचे की डाव संपेपर्यंत हलायचं नाव नाही. समोर मा फौजदारांची चुळबुळ चाललेली असायची आणि त्यातच त्यांचा हत्ती जायचा. दादांचं चित्त आता एकाग्र झालंय, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि त्याबद्दल थोडी असूयाही बाळगली होती. दादा सोलला गेले तर समोर बसणार कोण?

मा फौजदार त्यांच्या घरी गेले तेव्हा हाकसू डाव्या कुशीवर पडले होते. मलमपट्टी झाली होती.

हाकसू म्हणजे तारांवरचा माणूस. वीज बंद न करता चालू तारेवर काम करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. मागच्या वर्षीच्या पानगळीत डोंगराच्या उतारावर एका खांबावर बावीस हजार नऊशे व्होल्टचा झटका त्यांच्या डाव्या हातातून आत शिरला आणि उजव्या पायातून बाहेर पडला. पायाची दोन बोटं गेली. हाताची कातडी बदलावी लागली. हृदय मात्र तगलं, म्हणून इस्पितळाने नशीबवान ठरवून घरी पाठवलं. त्यानंतर ते थोडे विसरभोळे झाले. जाहिरातीतलं हरवलेलं कुत्रं घरी परतलं तरी डोळे पुसायचे. उजवा पाय गार पडतो म्हणायचे. गावाने सगळ्याचा एकच अर्थ लावला: एवढी वीज अंगातून गेलीय, जाताना काहीतरी नेणारच. नेमकं काय काय नेलं ते मात्र कोणी बघितलं नव्हतं.

“दादा, डोळे मिटा,” मा फौजदार म्हणाले. खिशातून त्यांनी जांग्गीची एक सोंगटी काढली आणि पांघरुणाखाली हात घालून दादांच्या उजव्या तळव्याला टेकवली. “काय आहे?”

“प्यादं,” हाकसू डोळे न उघडता म्हणाले.

“आणि हे?”

“राजा आहे. मोठा आहे ना. फौजदार, तू माझ्या पायाशी कसला खेळ मांडलायस?”

तळपायाने प्यादं आणि राजा ओळखणारा माणूस मांडी भाजली तरी गप्प बसतो. मिरानचं बरोबर होतं तर.

“दादा, मला खरं सांगा. कोणी केलं?”

बाहेर स्वयंपाकघरात सुरी पाटावर आपटत होती आणि हाकसू ती ऐकत होते. “मिरान म्हणते, कोणाचं तरी नाव द्यावंच लागेल. तसं असेल तर लिही. मीच भाजून घेतलं.”

“कशानं?”

“तव्यानं.”

“तवा कुठे असतो तुमच्या घरात?”

हाकसूंनी विचार केला. “स्वयंपाकघरात,” ते म्हणाले, आणि एवढ्यावर निभावलं असं समजून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मा फौजदारांनी नोकरीत नाना तऱ्हेचे कबुलीजबाब ऐकले होते. आपण कशाने गुन्हा केला हे ठाऊक नसलेला आरोपी त्यांना प्रथमच भेटत होता.

३

थुई सणाच्या सूपासाठी भाताच्या वड्या कापत होती. व्हिएतनामहून लग्न होऊन ती या घरात आली त्याला आता सहा हिवाळे झाले होते. मा फौजदार आत येताच तिने पाट सरकवला आणि हात पुसले.

“वन्संना वाटतं मी केलं,” ती म्हणाली.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं माझ्याकडून काहीतरी झालं. काय ते कळत नाही. आंघोळीला मी नसते ना, म्हणून मांडी दिसली नाही. पाय रोज बघते. घोट्यावरचं मला चप्पल घासल्यासारखं वाटलं.”

“पाय कसा?”

“उजवा पाय त्यांना गार लागतो. म्हणून संध्याकाळी बादलीत गरम पाणी घेऊन तेवढा एकच बुडवते.” बोलता बोलता ती जरा हसली. “मी नवीन होते तेव्हा बाबा सूप प्यायले आणि म्हणाले, अहाहा, गार वाटलं. मी वाडगा उचलला आणि परत शेगडीवर ठेवला. म्हटलं, निवलं असेल. सगळं गाव हसलं. तुम्हीपण हसलात, काका. तुम्ही तर दोनदा हसलात.”

मा फौजदार हसले होते खरे. उकळतं सूप घशाखाली उतरलं की नोरुगोलात ‘गार वाटलं’ म्हणतात. कढत पाण्यात अंग बुडवलं तरी गारच. जिवाला बरं वाटलं की ते गार, हे बाहेरून आलेल्या पोरीला कोण सांगणार?

“आता मी चुकत नाही,” थुई म्हणाली. “बाबा बादलीत पाय सोडतात, गार म्हणतात, की मी खूश. परवा पाणी ओतताना माझेच हात लाल झाले. पण बाबा म्हणाले, गार. म्हणून मग अजून थोडं घातलं.”

मा फौजदारांनी मनात हिशेब केला. बादलीतल्या पाण्याने भाजलं असतं तर पाऊल भाजलं असतं. मांडी बादलीत जात नाही. पाण्याचा यात संबंध नव्हता.

“काका, बाबांना नेऊ देऊ नका.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “मला इथलं वाचायला त्यांनी शिकवलं. विजेच्या खांबांवरच्या पाट्या वाचून. मी शिकलेला पहिला शब्द ‘धोका’. दुसरा ‘हात लावू नका’. बाजारात मला काहीच मागता यायचं नाही, पण खांबांची भीती नव्हती.”

मा फौजदार उठले. ते चपला घालत असताना ती हळूच म्हणाली, “एक सांगू? दाल्होकाका येतात ना, बाबांना सार्वजनिक स्नानघरात न्यायला. गेल्या वेळी आले तेव्हा बाबा झोपले होते. ते उशाशी बसून रडत होते. माफ करा, माफ करा म्हणत होते. मला म्हणाले, कोणाला सांगू नकोस.”

४

दाल्होकडे जाताना वाटेत बोंग्न्येआजीचं घर लागतं, आणि भाजण्याची गोष्ट निघाल्यावर ते टाळून चालणार नव्हतं. बोंग्न्येआजी चटके देते. वाळलेल्या दवण्याची बारीक गोळी कातडीवर ठेवायची, पेटवायची आणि दुखणं पळवून लावायचं, हा तिचा पिढीजात उद्योग.

“माझ्यावर आळ?” आजी गरजली. “ये इकडे, फौजदार. विजार वर कर.”

“माझी कशाला?”

“माझा चटका केवढा असतो ते दाखवते.”

मा फौजदार दोन पावलं मागे सरले. आजीचा चटका मसुराच्या दाण्याएवढा असतो हे अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि ती फक्त नडगीवर देते हेही. तळहाताएवढा डाग तिच्या हातून पडायचा नाही.

“आणि खरं सांगू?” आजी खाली बसली, सूर मऊ झाला. “हाकसू पूर्वी वासरासारखा ओरडायचा. आता बघ, उजव्या पायाला लावलं की चकार शब्द नाही. वर म्हणतो, अजून एक लावा. या वयात माझा हात असा हलका झालाय.”

“आणि डाव्या पायाला?”

“तिथे ओरडतो अजून. त्या बाजूला प्रकाश कमी येतो ना माझ्या खोलीत.”

मा फौजदार पुढे निघाले. यांग दाल्हो स्नानघराच्या बंद दारासमोरच्या बाकावर बसला होता. थंडीची लाट आली त्याच सुमारास तिथला बंब बिघडला होता, तेव्हापासून कुलूप होतं. दाल्हो हाकसूंच्याच टोळीतला, वयाने बराच लहान, अंगाने रेड्यासारखा.

“दादांच्या उशाशी का रडलास?” मा फौजदारांनी प्रस्तावना केलीच नाही.

दाल्होचा चेहरा पडला. “त्या दिवशी खांबावर चढायची पाळी माझी होती. आदल्या दिवशीची मला उतरली नव्हती. दादांनी माझ्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाले, बस खाली, मी जातो. इस्पितळात साहेब आले, चौकशी झाली. दादांनी माझं नाव घेतलं नाही. एकदासुद्धा नाही.”

हाकसू कोणाला तरी पाठीशी घालतात, हे मिरानने ओळखलं होतं. मा फौजदारांना क्षणभर वाटलं, माणूस सापडला.

“म्हणजे त्यांनी एकदा तुला झाकलं. आता दुसऱ्यांदा झाकताहेत?”

दाल्हो उभा राहिला. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याचे डोळे भरून आले. “मी त्यांना भाजीन? फौजदार, मी दर आठवड्याला त्यांची पाठ घासतो. स्नानघर बंद झालं त्याच्या आदल्या दिवशी घासलीय. मांडी लख्ख होती. त्या दिवशी नेहमीसारखे सगळ्यात कढत हौदाच्या कठड्यावर बसले, उजवा पाय आत सोडून. मी त्यात पोटरीएवढा उतरलो तरी खेकड्यासारखा लाल होतो. ते आपले म्हणतात, गार आहे. मी म्हटलं, दादांना माझ्याबरोबर बसायला आवडतं.”

मा फौजदार परत फिरले. तिघांवर संशय होता आणि तिघंही खरं बोलत होते. तिघंही एका माणसावर प्रेम करत होते, आणि त्या माणसाची मांडी तरीही भाजली होती.

५

सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे बैठकीची चूल पेटवली. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात मात्र सवयीने लाकूड घालत होते. आत गेले तर म्हातारे जमले होते आणि चुलीकडची जागा रिकामी होती.

चुलीला लागून असलेली ती जागा सगळ्यात उबदार, म्हणून मानाची. तिथे सगळ्यात थोर माणसाने बसायचं. गेल्या वर्षी हाकसू इस्पितळातून परत आले तेव्हा मा फौजदारांनीच त्यांना हाताला धरून तिथे बसवलं होतं, आणि तेव्हापासून रोज बसवत होते. दादा संकोचाने सरकायला लागले की खांदे दाबून पुन्हा तिथेच.

“या फौजदार,” एक म्हातारा म्हणाला. “दादा नाहीत तर आज मान तुमचा.”

मा फौजदारांचा त्या जागेवर मनातून डोळा होता. ते बसले. पट समोर होता, म्हणून दादांसारखेच बसले, डावा गुडघा उभा, उजव्या अंगावर रेलून. हाडांतली थंडी वितळली. मग ऊब वाढली. मग त्यांनी कूस बदलली. मग दुसरी बदलली. शेवटी ते ताडकन उठले आणि विजारीच्या मागच्या बाजूला हात लावून उभे राहिले.

“काय झालं?”

“तापलंय.”

“तापणारच. लाकूड कोण घालतं?”

बाकीचे हसले. मा फौजदार हसले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते. फरशीवरचा मेणकागद तिथे करपलेल्या भाकरीसारखा तपकिरी झाला होता. ते पुन्हा बसले, तसेच, आणि या वेळी आपलं अंग कुठे कुठे टेकतं ते त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. उजव्या मांडीची बाहेरची बाजू. कुल्ला. घोट्याचं हाड.

“हाकसूदादा इथे अख्खा डाव बसतात,” ते हळू म्हणाले. “न हलता.”

“एक डाव कुठला?” म्हातारा म्हणाला. “तुम्ही हरता आणि परत मांडता. सकाळपासून जेवणापर्यंत बसलेले असतात.”

गुन्हेगार सापडला होता आणि तो मा फौजदारांच्याच विजारीत बसला होता. पण एक गाठ सुटत नव्हती. ज्या पायाला प्यादं कळतं त्याला विस्तव का कळू नये? त्यांनी आठवायला सुरुवात केली. बादली, दवणा, हौद. सगळीकडे उजवा पाय. आणि बादलीत काय, हौदात काय, तो एकच शब्द: गार.

“अरे देवा,” ते म्हणाले. “तो माणूस खरंच सांगत होता.”

६

दुपारी हाकसूंच्या खोलीत सगळे जमले. मिरान भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती, तिच्यापासून शक्य तितकी लांब थुई. आजी आणि दाल्हो दाराशी बसले होते. मा फौजदारांनी थुईकडून दोन पोलादी चमचे मागून घेतले होते. एक उकळत्या सूपात ठेवला होता, दुसरा अंगणातल्या लोणच्याच्या रांजणात.

“दादा, डोळे मिटा. मी पायाला चमचा लावतो. गरम की गार, सांगायचं.”

त्यांनी रांजणातला चमचा उजव्या पोटरीला टेकवला.

“गार,” हाकसू म्हणाले.

मग सूपातला चमचा काढला, स्वतःच्या मनगटावर जेमतेम सोसेल इतका निवू दिला आणि त्याच जागी टेकवला.

“गार.”

“टेकला हे कळलं?” चमचा खाली सरकवत मा फौजदारांनी विचारलं.

“कळलं की. आत्ता घोट्याकडे सरकलास.”

“आणि हा?” तोच चमचा त्यांनी डाव्या पायाला लावला. हाकसूंनी पाय ओढून घेतला. “अरे भाजतं ना, गाढवा.”

मा फौजदारांनी चमचे खाली ठेवले.

“मिरान, तुझं गणित बरोबर होतं, फक्त एक गोष्ट आपण धरून चाललो. ज्याला स्पर्श कळतो त्याला चटकाही कळतो, असं. दादांना माशी कळते, केस कळतो, प्यादं कळतं. ऊन-थंड मात्र या पायाला कळत नाही आणि भाजल्याचं दुखणंही नाही. वीज हातातून शिरून पायातून गेली, आणि वाटेत पाठीचा कणा लागतो. तिथलं काय ते शहरातले डॉक्टर सांगतील. पण दादा कोणाला झाकत नव्हते. आपण भाजलोय हेच त्यांना माहीत नव्हतं.”

“मग भाजलं कुठे?”

“बैठकीत, मानाच्या जागेवर. लाकूड मी घातलं. खांदे दाबून मी बसवलं. ते हलत नाहीत हे मी रोज बघत होतो आणि म्हणत होतो, दादांचा खेळ सुधारला.” ते दाराकडे वळले. “आजी म्हणाल्या, माझा हात हलका झाला. दाल्हो म्हणाला, त्यांना माझी सोबत आवडते. थुईला वाटलं, बाबा खूश आहेत. ते गेले कित्येक महिने सांगताहेत, गार, गार, आणि आपण सगळे म्हणतोय, वा, म्हणजे मजेत आहेत. एकदाच या घरात एकीनं तो शब्द होता तसा ऐकला होता. सूपाचा वाडगा उचलून शेगडीवर ठेवला होता. आणि आपण तिला हसलो.”

थुईने ओंजळीत तोंड लपवलं.

मिरान भिंतीपासून हलली होती, पण कुठे जावं हे तिला कळत नव्हतं. “तक्रारीत मी तिचं…” ती थांबली. “थुईचं नाव लिहिणार होते.”

“तुझंही लिहावं लागलं असतं,” बोंग्न्येआजी म्हणाली. “हाकसूखालचं ते विजेवर तापणारं अंथरूण कोणी पाठवलंय सोलहून?”

मिरानने वडिलांच्या खाली हात घातला. अंथरूण चांगलं तापलेलं होतं. सकाळी तिनेच ते वाढवून ठेवलं होतं, बाबांना थंडी वाजू नये म्हणून. तिने भिंतीतला प्लग ओढून काढला आणि तिथेच जमिनीवर बसून ती रडायला लागली. थुई तिच्याजवळ गेली, खाली बसली आणि तिची पाठ चोळत राहिली.

“वन्सं, तुमचे हात किती गार पडलेत,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“कुठलं गार?” हाकसूंनी पलीकडून विचारलं, आणि रडता रडता मिरानला हसू फुटलं.

७

शहरातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं, ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. बाकीचं राहिलं. कातडी भरून आली की सगळ्यांना वाटतं विजेचं प्रकरण मिटलं, असं बाई म्हणाल्या. पण पाठीच्या कण्यातली इजा कधीकधी काही महिन्यांनी, वर्षानेही डोकं वर काढते. स्पर्श मेंदूकडे एका वाटेने जातो आणि ऊन-थंड, दुखणं दुसऱ्या वाटेने. यांची दुसरी वाट बिघडली आहे.

“म्हणजे एक लाइन चालू आणि एक गेलेली,” हाकसू म्हणाले.

“अगदी तसंच.”

“दुरुस्त होईल?”

“सांगता येत नाही, आजोबा. आहे तसं राहील, कदाचित थोडं सुधारेल. पाय लुळा पडतोय असं वाटलं तर मात्र लगेच यायचं. आणि त्या पायाजवळ गरम काहीही नको. पाण्यात आधी दुसऱ्याचं कोपर, मग तुमचा पाय. विसरणं, रडू येणं, तेही त्या झटक्याचंच आहे. त्यावरही बघू आपण.” मग बाई मिरानकडे वळल्या. “घरी लक्ष द्यायला कोणी आहे ना?”

“आहे,” मिरान म्हणाली. “माझी भावजय आहे.”

सोलची जागा तिने रद्द केली.

जखम भरल्यावर हाकसू बैठकीत आले तेव्हा मोठाच पेच उभा राहिला. चुलीकडची जागा त्यांना बंद, आणि थंड जागा एकच, दाराशी, जिथे चपला असतात आणि वयाने सगळ्यात लहान माणूस बसतो.

“मला पोरासोरांच्या जागेवर बसवता?” हाकसू म्हणाले.

मा फौजदारांनी पट उचलला, दाराशी नेऊन मांडला आणि आपण समोर बसले. थोड्या वेळाने एक म्हातारा खेळ नीट दिसत नाही म्हणून तिकडे सरकला. मग दुसरा सरकला. बोंग्न्येआजी शिव्या घालत आली आणि पायांवर गोधडी घेऊन तिथेच बसली. जेवणाच्या वेळेला सगळी बैठक दाराशी गोळा होऊन कुडकुडत होती, आणि मानाच्या जागेवर गावातलं मांजर तेवढं पसरलं होतं. तेही मधूनमधून कूस बदलत होतं.

थुई सूप घेऊन आली. हाकसूंनी वाडगा तोंडाला लावला, मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

“अहाहा. गार वाटलं.”

सगळ्यांचे हात थांबले. मा फौजदारांच्या हातातली तोफेची सोंगटी पटाच्या वर अधांतरी राहिली. दाल्हो अर्धवट उठला. थुईने पुढे होऊन वाडग्याला बोट लावलं, सासऱ्यांच्या पायाखालची जमीन चाचपली आणि मग गुडघे टेकून त्यांच्यासमोर बसली.

“कुठलं गार, बाबा?”

हाकसूंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि या वेळी त्याला विजेचा झटका कारण नव्हता.

“जिवाला गार, पोरी. जिवाला.”

सगळी बैठक हसली. थुई मात्र दोनदा हसली.